सातच्या खेळाचे दोन पास

पहाटे ५.३०

सांगलीत तात्पुरत्या वीजजोडणीची कामं मी करतो. लग्नाचे मांडव, गणपतीची मंडळं, शेतीची प्रदर्शनं. संक्रांतीच्या सुमाराला मैदानावर सर्कस आली की हातातली लग्नं मी दुसऱ्याला देतो आणि ते काम घेतो. पैसे लग्नात जास्त सुटतात. पण न्यूट्रल कुठं जोडलीस हे लग्नात कुणी विचारत नाही; सर्कशीचा वायरमन विचारतो.

आज खेळांचा पहिला दिवस. एक, चार आणि सात. काल मॅनेजरनं बिलाचा पहिला हप्ता दिला आणि नोटांवर सातच्या खेळाचे दोन पास ठेवले. "मॅडम को लेके आना." पहिल्या रात्री वायरिंग करणारा माणूस तंबूतच बसलेला असावा, एवढा त्याचा मतलब. घरी मी फक्त म्हणालो, उद्या तुला सर्कशीला नेतो.

"पास मिळालेत ना?" चहा गाळता गाळता आमची मंडळी म्हणाली. "मग तुम्ही कुठं नेताय, सर्कसच नेतेय."

६.४५

मैदान काळ्या मातीचं. कृष्णाकाठची ही माती हट्टी. ओली असली की अर्थिंग उत्तम, पण तंबूच्या मेखा सुटतात. वाळून भेगाळली की मेखा घट्ट, आणि अर्थिंगचं रीडिंग चढतं. जानेवारीत दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सांभाळावं लागतं.

खलाशी, म्हणजे तंबू उभारणारी पोरं, घण घेऊन तंबूभोवती फेरी मारत होती. प्रत्येक मेखेवर एक घाव. घट्ट मेख खणखणते, सैल मेखेचा आवाज बद्द येतो. बद्द आली की दोघं तिसऱ्याला हाक मारतात, आणि मग तिघांचे घण असे आळीपाळीनं पडतात की मध्ये बोट घालायची सोय नाही. दोन मेखा बद्द निघाल्या. दोन्ही पाण्याच्या टँकरच्या बाजूच्या.

माझी फेरी वेगळी. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. जनरेटरच्या न्यूट्रलला दोन खड्डे, बॉडीला दोन, आणि तंबूच्या चारही खांबांना स्वतंत्र पट्टी. प्रत्येक खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून रीडिंग घेतलं. चांगलं होतं.

मंडपाला एवढं कुणी करत नाही. पण सर्कशीत प्रेक्षकांची गॅलरी लोखंडी पाइपांची असते, वर नुसत्या फळ्या. शेकडो माणसं त्यावर बसणार, मुलांचे अनवाणी पाय पाइपांना लागणार. कुठं एखादी वायर घासून उघडी पडली तर सगळी गॅलरीच जिवंत व्हायची. म्हणून प्रत्येक सर्किटला तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी लावायचा. तेवढी गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सप्लाय तोडतो. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते दाबून बघायचं असतं. आमच्या धंद्यात ते दाबणारे कमी. सारखा पडतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणारेही आहेत. असो, सकाळी सकाळी नावं नकोत.

८.१५

झुल्याचा सराव. हा मला पाहायचा होता, म्हणून रिंगवरच्या दिव्यांचं काम मी मुद्दाम याच वेळेला काढलं.

रिंग बेचाळीस फुटांची. सर्कशीची रिंग जगभर साधारण एवढीच. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलीनं घोड्यांच्या कसरतींसाठी हे माप पक्कं केलं. एवढ्या वर्तुळात घोडा एका चालीनं दौडला की त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराचा तोल राहतो. आता रिंगमध्ये घोडा नाही, माप तेच आहे.

वर एका टोकाला फळी, तिच्यावर तिघीजणी. दुसऱ्या टोकाला कॅचर गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा लटकलेला. खाली जाळी, आणि जाळीच्या कडेला मास्टर. केरळचे, सत्तरीच्या आसपासचे, पांढरी लुंगी, गळ्यात शिटी. शिटी ते वाजवत नाहीत. नुसतं "हं" म्हणतात, आणि त्या "हं"वर मुलगी फळी सोडते.

मी शिडीवरून हेलकावे मोजत होतो. चार मीटरच्या दोराला एक जाऊन-येऊन हेलकावा घ्यायला साधारण चार सेकंद लागतात, मग त्यावर पन्नास किलोची मुलगी असो की ऐंशी किलोचा बाप्या. शाळेत शिकलेला लंबक तो हाच. वजनानं फरक पडत नाही, दोराच्या लांबीनं पडतो. म्हणजे दोघांचे दोर एकदा मापून बांधले की ते एकमेकांशी बांधलेच गेले. राहिला प्रश्न, सुटायचं कधी. मास्टर म्हणाले, दोर पुढच्या टोकाला पोचतो आणि परतायच्या आधी क्षणभर थांबतो ना, तिथं. लवकर सोडलं तर मुलगी कॅचरच्या अंगावर जाते, उशिरा सोडलं तर सरळ खाली.

पकडतात ते पंजा नाही, मनगट. त्यानं तिचं मनगट धरायचं, तिनं त्याचं. दोघांच्याही मनगटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, हाताला पांढरी मॅग्नेशियमची पूड. पूड जाळीतून खाली गाळून येत होती आणि माझ्या टूलबॉक्सवर बसत होती.

चहाला मास्टरांजवळ बसलो. झुल्याचा खेळ तुलूझच्या ज्यूल लेओतार या तरुणानं पहिल्यांदा १८५९ साली पॅरिसमध्ये केला, चार कोलांट्या मारून पकड साधणारा पहिला मेक्सिकोचा मिगेल वास्केझ, १९८२ साली, असं सगळं त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, मास्टर, हे सांगली आहे, विष्णुपंत छत्र्यांचा मुलूख. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "छत्रेसाब?" म्हणाले, "हमारे कीलेरी गुरुजी को उन्होंने ही तो बोला था."

आता ही गोष्ट आमच्या गावात सांगायला गेलं तर लोक घड्याळ बघतात. सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घ्यायला आवडतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, त्याबद्दल भाषणं होतात. दुसऱ्या विष्णुपंतांबद्दल होत नाहीत. छत्रे अंकलखोपचे, म्हणजे इथून तासाभराच्या आत. घोड्यांचे वेडे, कुरुंदवाड संस्थानात चाबूकस्वार. मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस त्यांनी पाहिली आणि २० मार्च १८८० ला मुंबईतच स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. घोड्यांएवढंच गाण्याचं वेड. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँकडे ते शिकले होते, आणि गुरूचा भ्रमिष्ट झालेला मुलगा रहिमत खाँ त्यांना काशीत सापडला तेव्हा त्याला उचलून त्यांनी आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, सांभाळलं, गायला लावलं. खाँसाहेब पुढं कुरुंदवाडलाच राहिले आणि तिथंच १९२२ साली गेले. एका तंबूत घोडे आणि ग्वाल्हेरची गायकी, असा मालक पुन्हा झाला नाही.

आणि हेच छत्रे सर्कस घेऊन मलबारात तलश्शेरीला गेले. तिथं कसरत शिकवणारे कीलेरी कुन्हिकण्णन त्यांना भेटले. तुम्ही पोरं तयार करा, असं ठरलं. १९०१ साली कुन्हिकण्णननी चिरक्कर इथं सर्कशीची शाळाच काढली, आणि पुढं देशभरातल्या सर्कशींत झुल्यावर केरळची माणसं दिसू लागली. त्यातलेच एक माझ्यासमोर ग्लुकोज बिस्किट बुडवून खात होते. आता मात्र केरळचं कुणी नव्यानं येत नाही, म्हणाले. फळीवरच्या तिघींपैकी एक नेपाळची, एक मणिपूरची, एक बंगालची.

पूर्वी पाच-सहा वर्षांच्या मुली शिकायला यायच्या. २०११ साली सुप्रीम कोर्टानं लहान मुलांना सर्कशीत ठेवणं बंद करायला लावलं. झुल्याचं नुकसान झालं, मास्टर म्हणाले. झालं असेल. मला ते नुकसान चालेल. विकत आणलेल्या पोरींच्या हकिगती तेव्हाच्या पेपरात मीही वाचल्यात.

१०.३०

पॅनेल. इथं माझा आणि सर्कशीच्या वायरमनचा एकच वाद, दरवर्षीचा. मी म्हणतो लाइनवर चालव, जनरेटरचा सेट स्टँडबाय ठेव. डिझेल वाचेल. तो म्हणतो एकचा आणि चारचा खेळ लाइनवर, पण झुला फक्त सेटवर.

त्याचं बरोबर आहे, मी आपला डिझेलचा हिशेब मांडून बघतो. लाइन गेली तर सेट सुरू होऊन लोड घ्यायला आठ-दहा सेकंद लागतात. झुल्याचा अख्खा हेलकावा चार सेकंदांचा. अंधार झाला तेव्हा मुलगी हवेत असेल तर पुढचं काही बोलायला नको. म्हणून झुल्याच्या आधी तो सगळा तंबू सेटवर घेतो, आणि शिवाय जाळीच्या दोन टोकांना बॅटरीचे दिवे कायम पेटते ठेवतो.

तंबूचं कापडही तपासलं. बंगळुरूला ७ फेब्रुवारी १९८१ ला व्हीनस सर्कसचा तंबू पेटला, नव्वदच्या वर माणसं गेली, बहुतेक मुलं. आमच्या कामात ही तारीख विसरता येत नाही. त्याआधी अमेरिकेत हार्टफर्डला १९४४ साली पेटलेल्या तंबूला तर पाणी आत येऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये मेण विरघळवून चोपडलं होतं. आता कापड पीव्हीसीचा थर दिलेलं असतं, त्याला ज्योत लावली तर वितळतं पण काढली की विझतं. वायरमननं एका तुकड्याला लायटर धरून दाखवलं. तरी दिवा आणि कापड यांत हातभर अंतर मी सोडायला लावलंच.

१२.१०

मेसमध्ये भात, सांबार, एक अंडं. सगळे एकाच पंगतीत, फक्त झुल्याच्या मुली अर्धपोटी. त्यांचं खरं जेवण रात्री दहानंतर.

नेपाळची मुलगी माझ्याजवळ आली. सांगलीत लायक्रा शिवणारा कुणी टेलर आहे का? सर्कशीची शिलाई बघणाऱ्या अम्मांचं मशीन बिघडलंय. मोरपंखी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा पोशाख, खांद्यावर रुपेरी टिकल्या, आणि काखेत दोन बोटं उसवलेली शिवण. सातच्या खेळाला हाच हवा, कारण तिघींचे रंग ठरलेले.

"मेरे घर में है टेलर," मी म्हटलं.

१.००

पहिला खेळ. शाळेची मुलं, गॅलरी निम्मी रिकामी. लाइन एकदाही गेली नाही.

३.१५

मार्केटला जाऊन दोन एमसीबी आणि टेपचे चार रोल. एका दुकानदारानं उधारीची आठवण करून दिली.

४.४०

घर. बायको ब्लाउज, ड्रेस, शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख शिवते. पुढच्या खोलीत तिची तीन मशीनं, साधं, ओव्हरलॉक आणि पिकोचं. पिशवीतून पोशाख काढून मी तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याजवळ नेला.

"कापड कुठं फाटलंय? शिवण गेलीय. सुती दोऱ्यानं सरळ टीप मारलीय कुणीतरी. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. मग दोराच तुटणार."

"मग तीच टीप परत मार की. सात वाजता हवाय."

"आणि परत उसवली तर?" तिनं विचारलं. "ती काय करते हे घालून?"

मी दोन्ही हात वर करून दांडीला लटकून दाखवलं, दाराच्या चौकटीला. तिनं माझ्या शर्टाकडे बघितलं. काखेत तो वर ओढला गेला होता, कमरेतून बाहेर आला होता.

"तेच. हात वर गेला की सगळी ओढ काखेत. याला चौबगला पाहिजे."

चौबगला म्हणजे काखेत बसवायचा चौकोनी तुकडा. जुन्या बाराबंद्यांना, अंगरख्यांना असायचा. हल्लीच्या ब्लाउजांत कुणी ठेवत नाही, कापड वाचवतात. तिनं ट्रंकेतून गॅदरिंगचं उरलेलं लायक्रा काढलं. मोरपंखी नव्हतं, गर्द जांभळं होतं. तीन बोटांचे दोन चौकोन कापले, कोन वरखाली येईल असे फिरवले, टाचण्या लावल्या. मग पिको मशीनची सुई बदलली. ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. टोकदार सुई धागाच तोडते, गोल टोकाची धाग्यांच्या मधून वाट काढते. पिकोची टीप नागमोडी असते, त्यामुळे कापड ताणलं की टीपही पसरते. साडीला फॉल लावायला येणाऱ्या बायकांना हे माहीत नसतं, पण सांगलीत लायक्रा शिवायला पिकोवाल्या बाईइतकं योग्य माणूस नाही, असं माझं मत झालंय.

दोन्ही काखा झाल्या. शिवण आतून बोटांनी चाचपून पाहिली. मग एक बाही माझ्या हातात दिली आणि दुसरी स्वतः धरली.

"ओढा."

मी ओढलं.

"अहो, जोरात ओढा. वर लटकणार आहे ना ती?"

आम्ही दोघं पुढच्या खोलीत उभं राहून ओढत होतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू ब्लाउज न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. "नंतर येते," म्हणाल्या.

६.२०

स्कूटरवरून मैदान. बायकोनं ठेवणीतली नारायणपेठ नेसलेली, पोशाखाची पिशवी तिच्या मांडीवर. तिकीट खिडकीसमोर बरी रांग. जत्रेतला फुगेवाला, भडंगवाला, कणीसवाला सगळे येऊन बसलेले. रांगेत एक आजोबा नातवाला सांगत होते की आमच्या वेळी वाघ असायचे, सिंह असायचे. खरंच असायचे. १९९८ साली सरकारनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकडांच्या खेळांवर बंदी आणली, २००१ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. दामू धोत्र्यांसारखा पुण्याचा माणूस अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत वाघ-सिंह एकत्र खेळवत होता, हे सांगितलं तर त्या नातवाला आज खरंही वाटणार नाही. मी स्वतः लहानपणी पिंजऱ्यापाशी तासभर उभा राहिलोय. वाघ पिंजऱ्यात चार पावलं जायचा, वळायचा, चार पावलं यायचा. वाघ गेले ते बरं झालं. गर्दी मात्र त्यांच्याबरोबर गेली, तेही खरं.

पिशवी मागच्या कनातीत पोचती केली. मुलीनं तिथंच बाही चढवली, हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. बायकोकडे बघून दोन्ही हात जोडले आणि पळाली.

७.०५

खुर्च्या पुढून चौथ्या रांगेत, मला पॅनेलकडे लगेच उठता येईल अशा. आधी सगळ्या कलावंतांची परेड, मग खेळांची रांग लागली. डगमगत्या नळकांड्यावर फळी, फळीवर दुसरं नळकांडं, त्यावर उभा राहून चेंडू झेलणारा पोरगा. वरून सोडलेल्या रेशमी पट्ट्यांत स्वतःला गुंडाळून घेऊन एकदम खाली सुटणारी मुलगी, जमिनीपासून हातभरावर थांबली. तोंडातल्या खंजिराच्या टोकावर तलवारीचं टोक तोलून शिडी चढणारी बाई. आणि मध्ये मध्ये जोकर. त्यांचे विनोद लहानपणीचेच आहेत, एकानं दुसऱ्याच्या कानफटात मारायची आणि टाळी तिसऱ्यानं वाजवायची. मुलं अजून तितकीच हसतात. बायको पण हसली.

मौत का गोला आला. जाळीदार लोखंडी गोळ्यात तीन मोटारसायकली, वरून खाली, आडव्या, एकमेकींना चुकवत. कानठळ्या. मला तो खेळ आवडत नाही, कारण त्यात सेटचा आवाज ऐकू येत नाही. बायकोनं कानात पदराचं टोक खुपसलं.

"तो लाल हेल्मेटवाला त्या नेपाळच्या मुलीचा नवरा," मी ओरडून सांगितलं.

"आणि वर तिला पकडतो तो?"

"तो वेगळा. ओडिशाचा."

"बरंय," ती म्हणाली. "घरात भांडण झालेलं असलं तर निदान तिथं अडचण नको."

८.३५

जाळी बांधायला दहा मिनिटं. तेवढ्यात वायरमननं तंबू सेटवर घेतला. दिवे क्षणभर गेले, आले. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग.

बँड थांबला. आता तंबूमागून सेटची घरघर स्पष्ट. मी डोळे वर ठेवले आणि कान मागे. तिघी फळीवर चढल्या. मोरपंखी पोशाखात हीच. तिनं हात वर करून दांडी धरली आणि काखेतला जांभळा चौकोन उघडला, पत्त्यातल्या चौकटच्या एक्क्यासारखा. गॅलरीत कुणालाही तो दिसला नसेल. बायकोनं माझा दंड धरला.

"दिसला?"

पहिल्या फेऱ्या साध्या. दांडीवरून कॅचरकडे, कॅचरकडून परत दांडीवर. मग एक कोलांटी, पकड. दुसरीनं डोळ्यांना पट्टी बांधून केली. मग जोकर फळीवर चढला, झुला घेतला आणि कॅचरच्या हातात त्याऐवजी त्याची विजारच राहिली. गॅलरी फुटली.

मोरपंखीची पाळी, दोन कोलांट्या. तिनं पूड लावली, टाळी वाजवली, पूड उडाली. मास्टर जाळीशेजारी उभे, हात मागे. आणि तेव्हाच सेटचा आवाज दबला.

लोड अचानक वाढला की इंजिनाचे फेरे पडतात, गव्हर्नर डिझेल सोडतो, फेरे पुन्हा चढतात. दोन सेकंदांचं काम. पण ते चढतात की इंजिन बसतं, हे त्या दोन सेकंदांत सांगता येत नाही. मी उठलो.

"बसा हो," बायको म्हणाली आणि माझा शर्ट धरून खाली ओढलं. "मागच्यांना दिसत नाही."

ती सुटली होती. गुडघे छातीशी, एक, दोन, अंग उघडलं, हात पसरले, कॅचरची बोटं तिच्या बोटांना लागून निसटली. जाळीत ती पाठीवर पडली, जाळीनं तिला एकदा वर टाकलं. तंबूभर हाय. सेट तोवर पुन्हा आपल्या सुरात आलेला, दिवे ढळलेसुद्धा नव्हते.

"टिकली," बायको म्हणाली.

"काय?"

"शिवण. एवढ्या जोरात हात लांबवला तिनं, दोन्हीकडं टिकली."

मुलगी दोराच्या शिडीवरून परत वर. काही सर्कशींत पहिली पकड मुद्दाम चुकवतात असं लोक म्हणतात, दुसऱ्या वेळी टाळ्या जास्त मिळतात म्हणून. ही चुकवलेली नव्हती. मास्टरांचे हात मागून पुढं आले होते. पूड, टाळी, "हं". या वेळी मनगटाला मनगट बसल्याचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत आला. ओला कपडा दगडावर आपटावा तसला नाही, कोरडा, लहान. कॅचरच्या हातात ती लांबलचक लटकून पलीकडं गेली, आणि दोन्ही जांभळे चौकोन पूर्ण ताणले गेले होते.

बायकोनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पुढं वाकून बघत होती. मग एकदम वाजवायला लागली, सगळ्यांचं थांबल्यावर.

९.४०

गर्दी बाहेर पडेपर्यंत पॅनेलपाशी थांबलो. आवाज का दबला ते कळलं. कॅन्टीनवाल्यानं पॉपकॉर्नचं मशीन सेटच्या सॉकेटमध्ये लावलं होतं, आणि नेमकं झुल्याच्या वेळी मक्याचा नवा घाणा टाकला. वायरमननं त्याची वायर उपटून माझ्या हातात दिली. उद्या सकाळी त्याला लाइनवरून वेगळं सर्किट ओढायचं ठरलं. बिलात वेगळं लावणार आहे.

कनातीमागं आलो तर बायको एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली. समोर अम्मा, पंचावन्नच्या असतील, केसांत मोगरा, आणि दोघींच्या मध्ये पोशाखांचा ढीग. लाल, सोनेरी, हिरवे, सगळ्यांच्या काखा उसवलेल्या किंवा उसवायच्या बेतात. मोरपंखी मुलगी शेजारी भात खात होती, पट्ट्या अजून मनगटांवर. अम्मांना मराठी येत नव्हतं आणि बायकोचं हिंदी सांगलीचं, पण कापड उलटं-सुलटं करून दोघींचं चाललेलं.

"नुसती शिवण तीस," बायको बोटांवर सांगत होती. "चौबगल्याचे साठ. टिकल्या परत लावायच्या तर त्याचे वेगळे."

"साठ ज्यादा है," अम्मा म्हणाल्या. "पचास."

मी मध्ये पडायला गेलो, पन्नास ठीक आहेत म्हणून. बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"साठ," ती म्हणाली. "और कल शाम के दो पास. कुर्सी के. पडोसन को लाना है."